माझी जळजळ, ह्यांचं औषध

ती. ताईस,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय म्हणून अर्धीच वाकले आहे, उरलेला नमस्कार तू धरून चाल.) तुझी टाच कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून तुम्हा दोघांच्या मधे झोपतो? मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की मी गप्प का, काही झालंय का. मी बोलले तर लोक म्हणतात फार बोलते, आणि गप्प बसले तर म्हणतात हिला काहीतरी झालंय. तर झालंय. सांगते. पण गॅसवर काही ठेवलं असशील तर आधी बंद करून ये, कारण मला थोडक्यात लिहिता येत नाही. मी चौथीपर्यंतच गेले, थोडक्यात लिहायला पाचवीत शिकवत असतील.

माझ्या छातीत जळतंय. मधोमध, हाडाच्या मागे, कोणीतरी तापलेली सळई ठेवून विसरून गेल्यासारखं. चहा घेतला की जळतं, वाकले की जळतं, आडवी झाले की घशाशी आंबट येतं. आणि कधी कधी जिना चढताना जड वाटतं, तेव्हा मी मधल्या वळणावर थांबते आणि चपलेचा पट्टा नीट करते. (माझ्या चपलेला पट्टा नाही. पण मागून येणारा माणूस कुठे बघतो.) आता तू म्हणशील, मग डॉक्टरकडे जा. ताई, तू म्हणू नकोस. बाबांचं मी तुला सांगायला नको. "गॅस धरलाय गं, बसतो जरा," म्हणून दाराशी बसले ते बसलेच. तेव्हापासून मला कोणी नुसता ढेकर दिला तरी मी त्याच्या तोंडाकडे बघते. गॅस असेल तर प्रश्न नाही, गॅसला मी घाबरत नाही. पण गॅस नसेल तर? हे विचारायला जायचं म्हणजे उत्तर ऐकून घ्यावं लागतं.

त्यात आमच्या लॉन्ड्रीत नवा साहेब आलाय. वयाने आपल्या पोरांएवढा, गळ्यात टाय, आणि वाफेच्या खोलीतसुद्धा तो टाय सोडत नाही, त्यामुळे त्याचं नाव आम्ही टायवाला ठेवलंय. तुला माहीत आहे, मी गरम रुळावर असते. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक इस्त्री होऊन येते, समोरासमोर दोघींनी चार टोकं धरून घडी घालायची. इतकी वर्षं माझ्या हातची घडी कोणी उलगडून परत घालायला लावलेली नाही. टायवाल्याने आल्या आल्या सांगितलं की ज्या बाईची तब्येत नरम, तिला गरम मशीनवर ठेवायचं नाही, फाटक्या चादरी शिवायच्या कोपऱ्यात बसवायचं. ऐकायला किती माया! पण त्या कोपऱ्यात बसलेली बाई परत मशीनवर आलेली मी पाहिली नाही. तिथून ती घरीच जाते. आणि चादरी कुठल्या, तर मोठ्या हॉस्पिटलच्या. प्रत्येक वॉर्डाच्या चादरीला वेगळ्या रंगाची पट्टी शिवलेली. बाळंतिणींची पिवळी, पोरांची हिरवी, आणि हृदयवाल्यांची निळी. निळ्या पट्टीच्या चादरी रोज माझ्याच मशीनवर येतात. त्यांची घडी घालायला माझी ना नाही. पण त्यांच्यावर झोपायचं मला नाही, एवढं मी तुला लिहून देते.

म्हणून मी एक युक्ती काढली. वैद्याकडे ह्यांना न्यायचं. दुखणं माझं, पेशंट हे. एकदा का औषध घरात आलं की कोणाच्या तोंडात जातंय हे बघायला वैद्य येत नाही. मी ह्यांना सकाळी सांगितलं, "अहो, तुमच्या छातीत जळतं." हे घड्याळ उघडून बसले होते. (दुकानात दुरुस्ती उरकत नाही म्हणून लोकांची घड्याळं घरी आणतात. आमच्या घरात प्रत्येक खोलीत वेगळी वेळ असते.) डोळ्याला ते भिंग लावलेलं होतं, ते तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जळतं का?" मी म्हटलं, "हो. फार." त्यावर म्हणाले, "बरं." ताई, ह्या माणसाशी भांडण उकरून काढायचं म्हणजे गादीला बुक्के मारण्यासारखं आहे.

वैद्यबाई माझ्याहून तुसड्या आहेत. मला फार बरं वाटलं. गोड बोलणाऱ्या माणसाकडून औषध घ्यायला मला भीती वाटते. एवढीशी खोली, भिंतीला कपाट, कपाटात बरण्या, आणि बाहेर बाकावर सगळे आपापलं पोट धरून बसलेले. वैद्यबाईंनी ह्यांचा हात धरला आणि डोळे मिटले.

"काय होतंय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जळतं," मी म्हटलं.

"कुठे?"

"इथे." मी दाखवलं.

"कधी?"

हे परत माझ्याकडे. मी म्हटलं, "चहा घेतल्यावर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर, आणि चिडल्यावर तर विचारूच नका."

वैद्यबाईंनी डोळे उघडून ह्यांच्याकडे नीट बघितलं. "हे चिडतात?"

आता इथे माझी पंचाईत झाली, कारण ह्यांना चिडलेलं मी लग्नापासून पाहिलेलं नाही. तर हे आपले शांतपणे म्हणाले, "कधी कधी चिडत असेन." वैद्यबाई म्हणाल्या, "नाडीत तर दिसत नाही." मी म्हटलं, "हे आतल्या आत चिडतात." मग जीभ बघितली, पोट दाबलं, आणि मला म्हणाल्या, पित्त आहे असं धरून चालू. पोटातली आग पोटात असते तोवर ती कामाची, अन्न शिजवते. ती वर छातीत आली की त्रास. आणि तिला फुंकर घालणारी दोन असतात, जीभ आणि डोकं. जिभेचं मी बघते, डोक्याचं तुम्ही बघा. पण आधी हॉस्पिटलात जाऊन छातीची पट्टी काढून आणा, ती तारा चिकटवून काढतात ती. छातीचं दुखणं आहे, त्यावर डोळे झाकून मी पूड देणार नाही. माझ्या बरणीत सगळं आहे, पण आत काय चाललंय ते बघायची खिडकी नाही.

तर ती पट्टी लगेच काढून झाली. डॉक्टरने बघितली, काळीज ठणठणीत आहे म्हणाला, घोड्यासारखं चालतंय म्हणाला. तेव्हा त्या बाजूची काळजी तू करू नकोस. पुढचं सांगते.

पट्टी बघून वैद्यबाईंनी औषधं सांगितली. लिहून देते म्हणाल्या, मी म्हटलं माझं डोकं अजून शाबूत आहे, सांगा. (हे मी म्हणायला नको होतं.) रात्री धणे भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायचं. मूठभर काळ्या मनुका. ज्येष्ठमधाची पूड. आवळ्याची पूड. रात्री दुधातून शतावरी, वर चमचाभर तूप. आणि दुपारी जेवणानंतर वामकुक्षी घ्यायची, चुकवायची नाही. मी सगळं घोकत घोकत जडीबुटीच्या दुकानात गेले. दुकानदार जाडा, गल्ल्याच्या मागे असा रुतून बसलेला की त्याला उठवायला हाक नाही, दोरखंड लागेल. मी भराभर सांगितलं, हे दे, ते दे, आणि पाव किलो वामकुक्षी दे.

तो थांबला. डोकं खाजवलं. म्हणाला, "वामकुक्षी… ओली की वाळलेली?"

ताई, मी तिथे कमी पडले नाही. मी म्हटलं, "वाळलेलीच दे. ओली टिकते कुठे!"

"खरंय," असं म्हणून तो आत गेला आणि हिरवट पूड पुडीत बांधून घेऊन आला. दुपारी जेवण झाल्यावर ह्यांना एक चमचा दिली आणि पाठ फिरवून मी एक चमचा घेतली. मी सगळंच तसं घेते, ह्यांच्यासमोर "चव बघते" म्हणायचं आणि चव पोटभर बघायची. तर ती वामकुक्षी पोटात गेली आणि तासाभरात तिने आमचे हाल केले. घरात संडास एकच, हे तुला माहीत आहे. लग्न झाल्यापासून "आधी तुम्ही", "नाही नाही, आधी तू" असं इतक्या आदराने आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही की औषध मी घेतलं तर तुला काय झालं. बिचाऱ्यांना विचारायला फुरसतच नव्हती.

संध्याकाळी पायात जोर आल्यावर मी तशीच वैद्यबाईंकडे गेले. बाकावरचे लोक ओरडले, नंबर आहे, नंबर आहे. मी म्हटलं, माझाही दिवसभर नंबरच चालला होता. आत जाऊन पुडी टेबलावर आपटली आणि म्हटलं, ही तुमची वामकुक्षी माणसाला मारेल. वैद्यबाईंनी पुडी हुंगली, मला काय काय झालं ते विचारलं (म्हणजे ह्यांना), आणि मग त्या तुसड्या बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. वामकुक्षी म्हणजे म्हणे दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर थोडं लवंडायचं! डाव्या कुशीवर निजलं की पोटातलं वर येत नाही म्हणतात. आता मला सांग, लवंडा म्हणायला काय जीभ झडते? आपली आई उभा जन्म "जरा लवंडते गं" म्हणायची, ती काय वामकुक्षी घेत होती हे तिला तरी माहीत होतं का? आणि "घ्यायची" म्हटल्यावर माणूस काय समजेल! मी वैद्यबाईंना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी पुढच्या पेशंटला लगेच "लवंडा" म्हणून सांगितलं, मी बाहेरून ऐकलं. तेवढं एक काम झालं.

दुकानदाराला सोडलं असेन असं वाटतं का तुला? गेले. विचारलं, नाही ती वस्तू दिलीस कशी? तर तो म्हणतो, बाई, तुम्ही इतक्या खात्रीने मागितलीत की मला वाटलं जगात सगळ्यांकडे असेल, माझ्याच दुकानात नाही. पोट साफ करायची पूड दिली, ती कशावरही चालते. मी त्याला जे बोलायचं ते बोलले, आणि त्या बोलण्याने छातीत परत पेटलं, म्हणून त्याच्याच बाकावर बसून त्याच्याकडचं पाणी प्यायले. तो पंख्याचं तोंड माझ्याकडे करून म्हणाला, "तुम्हालाच आहे ना हो पित्त?" मी म्हटलं, "आमच्या ह्यांना आहे." तो म्हणाला, "बरं." सगळ्या पुरुषांना हल्ली "बरं" म्हणायला कोणी शिकवलंय कोण जाणे.

मग पथ्य. चहा बंद, मिरची बंद, आंबवलेलं बंद, तळलेलं बंद, शिळं बंद. रात्रीचं जेवण उजेड असतानाच उरकायचं. उशी उंच. कमरेला घट्ट काही नको. आणि जेवताना बोलायचं नाही, कारण बोलताना हवा गिळली जाते आणि राग आला तर तोही. (हे वैद्यबाई ह्यांच्याकडे बघून बोलल्या, पण मला लागलं.) बाकी सगळं मी पाळलं, पण हे जेवताना गप्प बसणं! पहिल्या दिवशी मी वाढलं आणि तोंड मिटून बसले. हे दोन घास जेवले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी जेवत राहिले. ह्यांनी मीठ मागितलं, मी मीठ सरकवलं. ह्यांनी विचारलं, "कोणी गेलं का?" मी मान हलवली. "मग माझं काही चुकलं?" मी परत मान हलवली. ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी ताट बाजूला करून म्हणाले, "काय असेल ते बोल एकदा, मला भीती वाटते." तेव्हापासून असं ठरवलंय की जेवताना मी हळू बोलते. घरात कोणी निजलंय असं समजून. ह्यांना घास उतरतो, माझ्या पोटात हवा कमी जाते.

आणि श्वास. चिंता असली की पित्त वाढतं, म्हणून दिवसातून चार वेळा पोटातून श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळू सोडायचा. मी म्हटलं घरी कुठे वेळ आहे, मशीनवर उभं राहून करू. चादर आत घातली की श्वास आत, चादर बाहेर आली की सू… करून बाहेर. समोरची घडीवाली दोन दिवस समजत होती की मी तिला हाकलतेय. तिसऱ्या दिवशी टायवाला फेरीवर आला, कान टवकारले, आणि एकदम हात वर करून ओरडला, "मशीन बंद करा! वाफ गळतेय!" सगळं बंद. मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री रुळाखाली घुसला, नळ्या चाचपल्या, काही सापडेना. इकडे माझी छाती धडधडायला लागली म्हणून मी परत सू… केलं. मिस्त्रीने मशीनखालून मान बाहेर काढली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "साहेब, हिचा वायसर गेलाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तेवढ्यापुरतं. वाटलं झालं, आता कोपरा. टायवाल्याने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे माझी, ते श्वासाचं आमच्या ह्यांच्यासाठी शिकतेय. त्याने टेबलाचा खण उघडला. आत पित्तावरच्या त्या गुलाबी औषधाची बाटली, अर्धी संपलेली. म्हणाला, जेवण आलं की त्याला वरून फोन येतो आणि फोन आला की छातीत पेटतं. मग हळूच विचारलं, "तुमच्या मिस्टरांना कशाने फरक पडला?" ताई, एवढा टाय, पण त्याखाली तीच सळई! मी त्याला सगळं सांगितलं, धण्याचं पाणी, मनुका, आणि जेवल्यावर डाव्या कुशीवर वामकुक्षी. तो म्हणाला, "कामाच्या वेळेत?" मी म्हटलं, मग आधी टाय तरी सैल करा. त्याने सैल केला. छातीची पट्टी काढून घ्या असंही मी त्याला बजावलं, अंगावर काढू नका, आमचे वडील असेच गेले. तो फार गंभीर झाला आणि दुसऱ्या दिवशी जाऊनही आला. लहान आहे अजून, सांगितलेलं ऐकतो.

तर आता सगळं छान चाललंय. आंबट येणं बरंच थांबलंय, आडवी झाले तरी जळत नाही. खोटं कशाला सांगू, वैद्यबाईंचा गुण आहे. ह्यांचे तर गाल वर आलेत. दूध, तूप, मनुका आणि रोज दुपारी डाव्या कुशीवर, मग काय होणार! काही झालेलं नसताना इतका गुण आलेला माणूस मी पाहिला नाही. दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, काय घेता. हे म्हणतात, "ज्येष्ठमध. छातीत जळतं माझ्या." अगदी मनापासून सांगतात. कधी कधी मलाच वाटतं, ह्यांना खरंच जळत असेल.

काल वैद्यबाईंकडे परत गेलो होतो. त्यांनी ह्यांना विचारलं, आता कसं आहे, आणि मी सांगत होते की पुष्कळ कमी आहे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? जळतं ह्यांना, तर हात तुमचा का जातो छातीवर?" मी बघितलं तर खरंच माझा हात तिथेच होता, चोळत. मी म्हटलं सवय आहे. त्या "हं" म्हणाल्या आणि पुड्या बांधून दिल्या. (त्या दुकानदारानंतर पुड्या मी त्यांच्याकडूनच घेते.)

तर ताई, काळजी नसावी. टाचेला शेक दे, भावोजींना नमस्कार सांग, आणि माझ्यासाठी धावपळ करत येऊ नकोस. तुझी टाच ती तशी, आणि इकडे तसं काही नाहीये.

तुझी धाकटी,
(तुसडी म्हणतेस ती)

ता. क. येणारच असलीस तर येताना तुझ्या हातचं ते मिरचीचं लोणचं आण, मोठी बरणी. ह्यांना फार आवडतं. पथ्य संपलं की लागेल.

ता. क. आणखी एक. ती पट्टी ह्यांची होती. वर मी "काढून झाली" असं लिहिलंय, त्यात खोटं काही नाही, निघाली ती निघालीच. पेशंट हे, म्हणून तारा ह्यांनाच लावल्या, घोड्यासारखं चालतंय ते ह्यांचं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. समोरून निळ्या पट्टीच्या चादरींची गाडी गेली, वरची घडी माझ्याच हातची होती. मी उठून रस्त्यावर येऊन उभी राहिले. आणि काल निघताना वैद्यबाई नुसतं "हं" म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. म्हणाल्या, "आडवं झाल्यावर जळतं ते माझ्या पुडीने जाईल. जिन्यात जड होतं ते पुडीचं काम नाही. ज्याच्या छातीत दुखतं त्याची पट्टी आणा, मगच इथे या." जिन्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं ताई. त्यांच्या दाराला चार पायऱ्या आहेत, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. सळई गेली, पण ते जड वाटणं गेलेलं नाही.

ता. क. वर लिहिलं ना येऊ नकोस, ते खोड. ये. हात धरायचा नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, बाबांचं नाव घ्यायचं नाही. नुसती बाकावर माझ्या शेजारी बस आणि मी उठून रस्त्यावर जायला लागले तर खसकन खाली बसव. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी बसवायचीस तशी. ह्यांच्याने ते होणार नाही. मी म्हटलं चला घरी, तर हे "बरं" म्हणतील. आणि ह्यांना काही कळू देऊ नकोस, बिचारे स्वतःच्याच पित्ताने हैराण आहेत.

ता. क. ताई, हे अक्षर माझं. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. वाचलं नाही असं म्हणणार होतो, पण वाचलं. माझ्या छातीत काही जळत नाही, पहिल्या दिवसापासून नाही. ती जिन्यात मधे थांबते, ते मी वरून ऐकतो. दिवसभर घड्याळं कानाशी धरतो, चाल मागे पडली की कळतं. पण तिला म्हटलं असतं तर वैद्याकडे गेलीच नसती, आणि औषध माझ्या नावानेच घरात येणार होतं, म्हणून आजारी राहिलो. पट्टीलाही म्हणूनच गेलो, ती खोली कशी आहे, काय करतात, हे तिला सांगता येईल असं वाटलं. दुखत नाही. आडवं निजायचं, तारा जरा गार लागतात, एवढंच. पण ती विचारत नाही आणि आपण होऊन कसं सांगायचं ते मला सुचत नाही. तुम्ही सांगा. येत्या बुधवारी सकाळी तिच्या नावाने नंबर लावून ठेवलाय. या वेळी ती "चला घरी" म्हणाली तर मी "बरं" म्हणणार नाही, पण तुम्ही असलात तर बरं पडेल. मिरचीचं लोणचं मला आवडत नाही, कधीच आवडत नव्हतं. तरी आणा. तिची पट्टी चांगली येईपर्यंत बरणी वरच्या फळीवर ठेवीन, माझ्याच नावाने.